वैद्यकीय कारण: ज्युडी ह्यूमन यांचा शिक्षक-परवाना, न्यूयॉर्क १९७०

१९७० साली न्यूयॉर्क शहराच्या शिक्षण मंडळाने २२ वर्षांच्या एका पदवीधर मुलीला शिक्षकाचा परवाना नाकारला. परवान्यासाठी तीन टप्पे होते. लेखी परीक्षेत ती पास झाली, तोंडीतही झाली, वैद्यकीय तपासणीत मात्र नापास ठरली. पोलिओमुळे दोन्ही पाय लुळे, असं कारण दिलं गेलं. तिच्यासाठी यात बातमी काहीच नव्हती. पोलिओ झाला १९४९ साली, ती दीड वर्षाची असताना. मंडळाच्या डॉक्टरांनी तपासून जे शोधून काढलं, ते तिची व्हीलचेअर दारातून आत येतानाच सगळ्यांना दिसलं होतं.

ही मुलगी म्हणजे ज्युडी ह्यूमन. पुढे १९९३ ते २००१ या काळात त्या अमेरिकेच्या शिक्षण खात्यात विशेष शिक्षण आणि पुनर्वसन विभागाच्या सहायक सचिव होत्या, नंतर जागतिक बँकेत अपंगत्वविषयक सल्लागार झाल्या. मार्च २०२३ मध्ये त्यांचं निधन झालं. त्या मोठ्या कारकिर्दीबद्दल पुष्कळ बोललं जातं. विशेष शिक्षणाच्या विद्यार्थ्यांपुढे मी मात्र हे सुरुवातीचं प्रकरण ठेवते. यात दुष्ट माणूस कोणी नाही. प्रत्येक जण नियमाला धरून वागतो, आणि नियमाला धरून वागता वागता एका शिकलेल्या शिक्षिकेला वर्गाबाहेर ठेवतो. आपल्याकडच्या शाळांतही नकार बहुधा असाच येतो, चहा पाजून.

परवान्याआधीचे नकार

ज्युडीचे आईवडील, इल्से आणि वर्नर, जर्मनीतले ज्यू. हिटलरच्या काळात दोघांनाही कोवळ्या वयात, वेगवेगळं, अमेरिकेत धाडण्यात आलं. मागे राहिलेले त्यांचे आईवडील मारले गेले. न्यूयॉर्कच्या ब्रुकलिन भागात वर्नर यांचं मटणाचं दुकान होतं. मुलगी दोन वर्षांची असताना एका डॉक्टरांनी तिला संस्थेत ठेवण्याचा सल्ला दिला. त्या काळी तो चांगला सल्ला समजला जाई. पण माणसाला घरापासून तोडून त्याची कुठेतरी ‘व्यवस्था’ लावणं म्हणजे काय, हे या घराला कुणी समजावून सांगायची गरज नव्हती. मुलगी घरीच राहिली.

पाचव्या वर्षी आई तिला शाळेत नाव घालायला घेऊन गेली. मुख्याध्यापकांनी नकार दिला: व्हीलचेअर आत असली तर आग लागल्यावर धोका. आईने मग ज्यू धार्मिक शाळेचं दार ठोठावलं. मुलीला हिब्रू आलं तर घेऊ, असं तिथे सांगण्यात आलं. ज्युडी हिब्रू शिकली. शाळेने तरीही घेतलं नाही. अट पूर्ण झाली की नवी अट निघते, हा अनुभव आपल्याकडच्या कितीतरी आयांना आहे. आधी प्रमाणपत्र आणा, मग मदतनीस आणा, मग ‘आमच्याकडे तसे प्रशिक्षित शिक्षक नाहीत हो’.

शेवटी शहराने घरी शिक्षिका पाठवली. आठवड्याला अडीच तास.

या अडीच तासांवर मी वर्गात मुद्दाम थांबते. भारतात २०१२ च्या दुरुस्तीनंतर शिक्षण हक्क कायद्याने बहुविकलांग आणि तीव्र अपंगत्व असलेल्या मुलांना घरीच शिक्षण घेण्याचा पर्याय दिला. ज्या मुलाला खरोखरच घराबाहेर काढता येत नाही त्याच्यासाठी गृहाधारित शिक्षण ही मोठी सोय आहे, त्याबद्दल वाद नाही. पण पर्याय निवडायचा आहे मुलाने आणि पालकांनी. शाळेला रॅम्प नाही किंवा स्वच्छतागृहाचं दार अरुंद आहे एवढ्यासाठी मूल ‘तीव्र’ गटात ढकललं गेलं, तर पर्याय शाळेने निवडला असा त्याचा अर्थ होतो. नाव पटावर, मूल घरात. ब्रुकलिनच्या शाळेनेही १९५० च्या दशकात शिक्षण नाकारलं नव्हतंच, फक्त ते आठवड्याला अडीच तासांत बसवलं होतं. विशेष शिक्षकाने गृहभेटीच्या नोंदी भरताना हा फरक स्वतःला विचारावा. हे मूल शाळेत येऊ शकत नाही, की शाळा त्याला येऊ देत नाही?

नऊ वर्षांची झाल्यावर ज्युडीला शाळेत जागा मिळाली, ‘आरोग्य संवर्धन’ अशा काहीशा नावाच्या विशेष वर्गात. वर्ग तळघरात भरे, बाकीची शाळा वर. त्या वर्गात तिच्या वयाची मुलं होती तशी वीस-एकवीस वर्षांपर्यंतचीही होती, आणि त्या मोठ्यांपैकी काहींना अजून वाचता येत नव्हतं. ज्युडी घरी वाचायला शिकलेली. तिला प्रश्न पडला तो बुद्धीचा नव्हता. या मुलांना वाचता यावं अशी कुणाची अपेक्षाच नव्हती, हे तिच्या लक्षात आलं. अपंग मुलांच्या शिक्षणातला सगळ्यात जुना रोग हाच आहे आणि तो वैद्यकीय तपासणीत सापडत नाही.

हायस्कूलच्या वयाला या वर्गातल्या मुलांनी पुन्हा घरच्या शिकवणीकडे परतायचं, असा शहराचा नियम होता. इल्से ह्यूमन यांनी इतर पालकांना गोळा करून मंडळावर इतका दबाव आणला की नियम बदलावा लागला. १९६१ मध्ये ज्युडी हायस्कूलमध्ये गेली. पुढे मुलीने जे केलं त्याची तालीम आईने घरातच करून घेतली होती असं मला वाटतं. तक्रार एकट्याची ठेवायची नाही, ज्यांचं तेच दुखतंय त्यांना आधी शोधायचं.

शिकायचं एक, सांगायचं दुसरं

कॉलेजच्या खर्चाला राज्याच्या पुनर्वसन खात्याची मदत होती. अडचण अशी की खातं पैसे देताना बघे, या अपंगत्वाचं कुणी हे काम आधी करतंय का. व्हीलचेअरवरची शिक्षिका न्यूयॉर्कमध्ये कुणी पाहिली नव्हती. म्हणून ज्युडीने सांगितलं की मला वाचाउपचार शिकायचे आहेत, आणि लाँग आयलंड विद्यापीठात शिक्षणशास्त्राचे विषय जोडीला घेतले. १९६९ मध्ये ती पदवीधर झाली.

कॉलेजच्या सुरुवातीलाच तिने नागरी हक्कांसाठी लढणाऱ्या संघटनेला, अमेरिकन सिव्हिल लिबर्टीज युनियनला, फोन करून विचारलं होतं: पुढे परवाना अडेल अशी भीती आहे, काय करू? त्यांनी सांगितलं, शिक्षण पूर्ण करा, नाकारलं तर आमच्याकडे या.

माझे विद्यार्थी इथे अडतात. खोटं बोलून शिक्षण घेणं बरोबर का? चर्चा चांगली रंगते. माझं मत सरळ आहे. ज्या खात्याचा नियम ‘आधी कुणी केलं असेल तरच’ असा आहे, तिथे पहिल्या माणसाला आडवाटेनेच आत जावं लागतं. ती वाट वाईट, पण वाईटपणा नियमाचा.

तपासणी

लेखी आणि तोंडी परीक्षेची ठिकाणंसुद्धा पायऱ्यांची होती. मित्रांनी व्हीलचेअर उचलून वर नेली. वैद्यकीय तपासणीत डॉक्टरबाईंनी रक्तदाब वगैरे पाहून झाल्यावर विचारलं, तुम्ही शौचाला कशा जाता? करून दाखवा. ज्युडी ह्यूमन यांनी उत्तर दिलं ते असं: मुलांना शौचाला कसं जायचं हे शिकवायचा प्रसंग आला तर मी शिकवू शकेन. मग चालून दाखवण्याचा आग्रह झाला. त्या कॅलिपर आणि कुबड्यांवर चालत नसत, व्हीलचेअर वापरत. दुसऱ्यांदा तपासणीला बोलावलं गेलं. निकाल तोच.

मंडळाचं म्हणणं असं होतं की आग लागली तर या बाई स्वतःही बाहेर पडू शकणार नाहीत आणि मुलांनाही बाहेर काढू शकणार नाहीत. पाचव्या वर्षी विद्यार्थिनी म्हणून जे कारण, तेच बावीसाव्या वर्षी शिक्षिका म्हणून.

हे कारण हसण्यावारी नेऊ नये. शाळेत आग लागू शकते, मुलांची जबाबदारी शिक्षकावरच असते, आणि प्रशासनाने त्याची काळजी करणं रास्तच आहे. विशेष शिक्षकाने इथे भावनेच्या भरात वाहून न जाता तीन गोष्टी तपासाव्यात. एक, हा धोका या व्यक्तीबाबत प्रत्यक्ष पाहिला का, की व्हीलचेअर बघूनच धरून चाललो? मंडळाने आगीची कवायत घेऊन पाहिली नव्हती, शौचाची मात्र मागितली. दोन, तळमजल्यावरचा वर्ग, बाहेर पडण्याचं रुंद दार, शेजारच्या वर्गाच्या शिक्षकाशी आधीच ठरवलेली जोडी, असा साधा बदल करून धोका कमी होतो का? तीन, हाच निकष बाकीच्यांना लावला जातो का? गुडघे दुखणारे, दम लागणारे, रक्तदाबाच्या गोळ्या घेणारे कितीतरी शिक्षक तिसऱ्या मजल्यावर शिकवत असतात. त्यांना कुणी जिना उतरून दाखवायला सांगत नाही.

आणि एक गोष्ट कुणीच विचारात घेतली नाही. तळघरातल्या वर्गात वाढलेल्या मुलांना आपल्यासारखी शिक्षिका कधी दिसलीच नव्हती. मोठं होऊन आपलं काय होणार, याचं उत्तर त्यांना एखाद्या व्हीलचेअरवरच्या बाईंकडे बघून मिळालं असतं. वैद्यकीय फॉर्मवर अशा गुणांसाठी रकाना नसतो.

खटला

नकार हातात पडल्यावर ह्यूमन यांनी ठरल्याप्रमाणे त्या संघटनेकडे धाव घेतली. उत्तर आलं: कारण वैद्यकीय आहे, त्यामुळे हा भेदभाव म्हणता येणार नाही. प्रत्यक्ष भेटायलाही त्यांनी बोलावलं नाही.

या प्रकरणाचं मर्म मला याच उत्तरात दिसतं. वंश किंवा धर्म यांवरून नाकारलं असतं तर याच लोकांनी मोर्चा काढला असता. अपंगत्व मात्र निसर्गाची गोष्ट, डॉक्टरांचा प्रांत, त्यात अन्याय कसला? मंडळ, डॉक्टर आणि हक्कांची संघटना, तिघांचंही इथे एकमत होतं. आपल्याकडेही हा समज फक्त जुन्या काळातला नाही. मध्य प्रदेशात अंध उमेदवारांना न्यायाधीशपदाच्या भरतीतून सरसकट वगळणारा नियम होता. एका अंध मुलाच्या आईने सरन्यायाधीशांना पत्र लिहिलं, त्यातून प्रकरण उभं राहिलं, आणि सर्वोच्च न्यायालयाने तो नियम रद्द केला तो मार्च २०२५ मध्ये.

संघटनेने हात वर केल्यावर ह्यूमन वर्तमानपत्रांकडे वळल्या. न्यूयॉर्क टाइम्समध्ये आधी बातमी आली, मग त्यांच्या बाजूचा अग्रलेख. डेली न्यूजने मथळा दिला, त्याचा आशय असा: पोलिओ झालेला माणूस राष्ट्राध्यक्ष होऊ शकतो, शिक्षक नाही. रोख फ्रँकलिन रूझवेल्ट यांच्याकडे. बातम्या वाचून रॉय लुकास नावाच्या घटनातज्ज्ञ वकिलांनी संपर्क साधला. वडिलांच्या दुकानात येणारे एक वकीलही मदतीला उभे राहिले. मंडळाविरुद्ध केंद्रीय न्यायालयात दावा दाखल झाला.

दावा आला तो कॉन्स्टन्स बेकर मॉटली यांच्यापुढे. अमेरिकेच्या केंद्रीय न्यायालयात नेमल्या गेलेल्या या पहिल्या कृष्णवर्णीय महिला न्यायाधीश. शाळांतला वर्णभेद घटनाबाह्य ठरवणारा १९५४ चा ब्राउन खटला लढवणाऱ्या वकिलांच्या चमूत त्या होत्या. ‘हे वेगळं ठेवणं तुमच्याच भल्यासाठी’ ही भाषा त्यांनी आयुष्यभर ऐकलेली. त्यांनी मंडळाला स्पष्ट सुचवलं की या निर्णयाचा फेरविचार करा. मंडळाने फेरविचार केला, परवाना दिला, दावा तडजोडीत मिटला. न्यूयॉर्क शहरातल्या शाळेत व्हीलचेअरवरून शिकवणाऱ्या ज्युडी ह्यूमन या पहिल्या शिक्षिका.

परवाना मिळाला, नोकरी नाही

परवाना हातात घेऊन त्या मुख्याध्यापकांकडे जाऊ लागल्या आणि कोणीही घेईना. कुणी उघड नाही म्हणत नव्हतं. जागा भरली, इमारत गैरसोयीची आहे, पुढच्या वर्षी बघू. शेवटी नोकरी मिळाली ती ज्या शाळेच्या तळघरात त्या लहानपणी शिकल्या होत्या तिथेच. तिथे त्यांनी तीन वर्षं शिकवलं. शाळेत आगीमुळे काही अनर्थ झाला नाही, हे वेगळं सांगायला नको.

तडजोडीने काय सुटलं, काय राहिलं

वर्गात मी विचारते, ह्यूमनबाईंनी तडजोड करायला हवी होती का? दरवर्षी वर्ग दोन भागांत फुटतो. एक बाजू म्हणते, निकाल लागू द्यायला हवा होता. तडजोडीतून परवाना मिळाला तो एका व्यक्तीला. ‘अपंगत्वावरून शिक्षकाला नाकारता येत नाही’ असं न्यायालयाने कुठेही म्हटलं नाही, त्यामुळे दुसऱ्या शहरातल्या मंडळाला तोच फॉर्म भरायला मोकळीक राहिली. हे खरं आहे. दुसरी बाजू म्हणते, बावीस वर्षांच्या मुलीने पोटापाण्याचं सोडून वर्षानुवर्षं अपिलात का झुलायचं?

मी दुसऱ्या बाजूची आहे, पण कारण वेगळं. १९७० मध्ये निकालाला आधार द्यायला कायदाच नव्हता. अपंगांच्या बाबतीत भेदभाव होतो ही कल्पनाच कायद्याच्या पुस्तकात नव्हती. केवळ घटनेच्या जोरावर निकाल विरुद्ध गेला असता, तर ‘वैद्यकीय कारण’ आणखी पक्कं झालं असतं. आधी कायदा हवा होता, आणि तो न्यायालयात तयार होत नाही.

बातम्या वाचून देशभरातल्या अपंग लोकांनी त्यांना पत्रं लिहिली होती. प्रत्येकाची नोकरी, शाळा, घर अशीच कुठेतरी अडकलेली. त्यातून १९७० मध्येच ‘डिसेबल्ड इन अॅक्शन’ ही संघटना उभी राहिली. आईची रीत, आता शहराऐवजी देशाच्या पातळीवर. १९७२ मध्ये राष्ट्राध्यक्ष निक्सन यांनी अपंगांच्या पुनर्वसनाचं विधेयक नाकारलं तेव्हा या मंडळींनी मॅनहॅटनमध्ये रस्ता अडवला. पुढच्या वर्षी कायदा झाला. त्याच्या शेवटाकडे ५०४ क्रमांकाचं एक छोटं कलम होतं: केंद्र सरकारचा पैसा घेणाऱ्या कोणत्याही कार्यक्रमातून, इतर बाबतींत पात्र असलेल्या व्यक्तीला केवळ अपंगत्वामुळे वगळता येणार नाही. अमेरिकेतल्या जवळपास प्रत्येक शाळा मंडळाकडे केंद्राचा पैसा येतो.

त्यानंतर मुलांचा कायदा. सिनेटर हॅरिसन विल्यम्स यांच्या समितीत काम करताना ह्यूमन यांचा १९७५ च्या सर्व अपंग मुलांसाठीच्या शिक्षण कायद्याच्या जडणघडणीत सहभाग होता. त्या कायद्यातच काँग्रेसने नोंदवून ठेवलं की देशात ८० लाखांहून अधिक अपंग मुलं आहेत, निम्म्याहून जास्त मुलांना योग्य शिक्षण मिळत नाही, आणि १० लाख मुलं सरकारी शाळांच्या पूर्णपणे बाहेर आहेत. कायद्याने प्रत्येक मुलासाठी वैयक्तिक शैक्षणिक आराखडा सक्तीचा केला. विशेष शिक्षकांना तो पाठ असतो. पण त्याहून मोठी गोष्ट म्हणजे शाळेचा निर्णय मान्य नसेल तर पालकांना सुनावणी मागण्याचा हक्क मिळाला. इल्सेबाई मुख्याध्यापकांच्या खोलीतून परत फिरल्या तेव्हा दाद मागायला त्यांना जागाच नव्हती.

५०४ कलमाचे नियम मात्र चार वर्षं मंत्रालयात धूळ खात पडले. नियम नाहीत म्हणून अंमल नाही. ५ एप्रिल १९७७ रोजी सॅन फ्रान्सिस्कोच्या केंद्र सरकारी कार्यालयात सुमारे दीडशे अपंग लोक आणि त्यांचे साथीदार ठिय्या देऊन बसले. ह्यूमन त्यांच्या नेत्यांपैकी एक. आत औषधं संपत होती, पलंग नव्हते, अंगावर फोड येऊ नयेत म्हणून रात्री कुशीवर वळवायला माणूस लागेल असे काही जण होते. ब्लॅक पँथर्स या कृष्णवर्णीयांच्या लढाऊ संघटनेने जेवण पोहोचवलं. तीन आठवड्यांहून जास्त त्यांनी अशा जागेत तग धरला, तर शाळेच्या आगीत या लोकांचं काय होणार ही काळजी जरा जास्तच होती, असं म्हणायला हरकत नाही. मंत्री जोसेफ कॅलिफानो यांनी २८ एप्रिलला नियमांवर सही केली.

‘कारण वैद्यकीय आहे, भेदभाव नव्हे’ या वाक्याला न्यायालयाचं उत्तर मिळालं ते १९८७ मध्ये, आणि योगायोगाने तेही एका प्राथमिक शिक्षिकेच्या प्रकरणात. फ्लोरिडातल्या नासाउ काउंटीच्या शाळा मंडळाने त्या बाईंना क्षयरोग पुन्हा उलटला म्हणून १९७९ मध्ये कामावरून काढलं होतं. अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने सात विरुद्ध दोन मतांनी ठरवलं की अशा शिक्षिकेलाही ५०४ कलमाचं संरक्षण आहे. रोगाच्या नावावरून काढता येणार नाही, या व्यक्तीपासून प्रत्यक्षात किती धोका आहे आणि थोड्या सोयीने तो टळतो का, हे एकेका व्यक्तीबाबत तपासावं लागेल. खालच्या न्यायालयाने तसं तपासलं आणि बाई शिकवायला पात्र ठरल्या.